छपरातलं काचेचं कौल: मुंबईच्या घरात उजेड कुठून आला?

कानात इयरफोन घालून लोकलच्या दारात उभे असाल, तर आधी जरा आत सरका. आणि घरी असाल, तर एक काम करा. वर बघा. तुमच्या डोक्यावर काय आहे? स्लॅब? पीओपी? पंखा? आजची गोष्ट अशा घरांची आहे ज्यांच्या डोक्यावर उजेड होता.

मी वाढलो लालबागच्या एका चाळीत, शेवटच्या मजल्यावर. दहा बाय बाराची खोली, मागे छोटी मोरी, पुढे गॅलरी. वर मंगलोरी कौलांचं उतरतं छप्पर. आणि त्या शेकडो लाल कौलांमध्ये, आमच्या खोलीवर नेमकं एक कौल काचेचं होतं. त्यातून सकाळी कवडसा यायचा. साडेनऊला तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर असायचा, अकराला जमिनीवर, दुपारी एकला आजीच्या तांदळाच्या सुपाशी. घड्याळात सेल नसला तरी आमचं काही अडायचं नाही.

हे कौल कुणी बसवलं? का बसवलं? आणि ते गळायला लागलं, तेव्हा ते कुणी दुरुस्त करायचं? साधे प्रश्न वाटतात. पण त्यांच्या मागे गेलं की प्लेग भेटतो, भाडेनियंत्रण कायदा भेटतो, युद्ध भेटतं. आणि शेवटी रिडेव्हलपमेंटचा प्लॅन भेटतो, ज्यावर यंदा आम्हाला सह्या करायच्या आहेत.

छपरातून उजेड घेणं ही काही मुंबईची कल्पना नाही. मराठवाड्यात, सोलापूरकडे माळवदाची घरं असतात. जाड मातीच्या भिंती, वर मातीचंच सपाट छत. अशा घराला खिडक्या कमी, म्हणून छतातच एक भोक ठेवतात. कुणी त्याला सवणं म्हणतं, कुणी साणं. चुलीचा धूर वर जातो, उजेड खाली येतो. पाऊस आला की वरून झाकण टाकायचं. पुण्याच्या वाड्यांनी हेच काम चौकाकडून करून घेतलं. म्हणजे छपरातल्या उजेडाला आपल्याकडे शब्द होते आणि सोयही होती. मुंबईची अडचण वेगळी होती. इथे घराला घर चिकटलेलं, मजल्यावर मजला चढलेला, चौकाला जागा नाही, आणि पाऊस असा की छपरातलं भोक चार महिने परवडणारच नाही.

यावर उपाय समुद्रमार्गे आला. १८६५ मध्ये बासेल मिशन या जर्मन-स्विस मिशनच्या लोकांनी मंगळूरला कौलांचा कारखाना सुरू केला. तोवर आपल्याकडे असायची नळीची कौलं, म्हणजे अर्धगोल, एकावर एक नुसती ठेवलेली. मांजर धावलं की सरकली, कावळ्याने उचकटली की गळली. दर वर्षी पावसाआधी अख्खं छप्पर चाळून घ्यावं लागायचं. मंगलोरी कौल साच्यातलं. त्याला खाचा असतात, एकाची खाच दुसऱ्यात बसते आणि खालच्या लाकडी रिपेला ते अडकून राहतं. गलबतांतून ही कौलं मुंबईला यायला लागली आणि शहराचं छप्पर लाल झालं.

सगळी कौलं एका मापाची, साधारण १६ इंच लांब आणि ९ इंच रुंद. मग त्याच मापाचं कौल काचेचं केलं तर? मातीचं एक कौल उचलायचं, त्या जागी काचेचं सरकवायचं. खिळा नाही, सिमेंट नाही. पाच मिनिटांचं काम. फुटलं तर पुन्हा पाच मिनिटांत दुसरं. स्कायलाईट बसवायची इतकी सोपी आणि स्वस्त पद्धत मला तरी दुसरी माहीत नाही.

आणि एवढ्याशा कौलातून पडणारा उजेड पुरतो का? पुरतो, आणि त्यामागे कारण आहे. आभाळ पूर्ण ढगाळ असतं, तेव्हा ते सगळीकडे सारखं उजळ नसतं. डोक्यावरचं आभाळ क्षितिजाजवळच्या आभाळापेक्षा जवळजवळ तिप्पट उजळ असतं. खिडकीला दिसतं बाजूचं आभाळ, तेही समोरच्या इमारतीने उरवलं तर. छपरातल्या काचेला दिसतं थेट माथ्यावरचं. म्हणून जुलैतल्या काळ्याकुट्ट दुपारीही आजी दिवा न लावता तांदळातले खडे वेचू शकायची.

आता सप्टेंबर १८९६. मांडवी भागात, गोदीजवळच्या धान्याच्या वखारींच्या वस्तीत, डॉ. अकासिओ गाब्रिएल व्हिएगस यांनी ताप आणि जांघेत गाठ असलेले रुग्ण पाहिले आणि निदान केलं: ब्युबॉनिक प्लेग. व्हिएगस मूळचे गोव्याचे. मेट्रो सिनेमाजवळ त्यांचा पुतळा आहे, आपण त्याच्या समोरून बस पकडतो.

पुढे जे झालं त्यातलं बरंच तुम्ही ऐकलं असेल. १८९७ चा साथरोग कायदा, घराघरांत शिरणारी तपासणी पथकं, पुण्यात रँडचा वध. पण एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. मुंबईत प्लेगची पथकं घरांवर चढून कौलं काढत होती. आत ऊन आणि हवा जावी म्हणून छपरं उघडी केली जात होती, भिंतींना भोकं पाडली जात होती, आतले आडोसे तोडले जात होते. चुना मारायचा, जंतुनाशक ओतायचं. आणि जी घरं अगदीच अंधारी, त्यांच्या दारावर तीन इंग्रजी अक्षरं रंगवायची: यू, एच, एच. म्हणजे माणसाने राहण्यास अयोग्य.

कल्पना करा. तुम्ही त्या खोलीत दहा वर्षं राहताय. अंधार तुम्ही मागून घेतलेला नाही. मालकाने तशीच बांधली म्हणून ती अंधारी आहे. आणि एक दिवस सरकार येऊन तुमच्या दारावर लिहितं की हे माणसाचं घर नाही. मग आतला तो कोण?

आता गंमत बघा. प्लेग अंधाराने होतच नव्हता. तो उंदरांवरच्या पिसवांमुळे पसरतो. पॉल-लुई सिमों या फ्रेंच डॉक्टरने १८९८ मध्ये कराचीत तसा प्रयोगही करून दाखवला, आणि ते सगळ्यांच्या गळी उतरायला पुढे बरीच वर्षं गेली. म्हणजे छपरं उघडून प्लेग थांबण्यासारखा नव्हता. पण त्याच वस्त्यांत दुसरा एक आजार निवांत बसला होता, क्षय. त्याचा जंतू शोधणाऱ्या रॉबर्ट कॉख यांनी १८९० मध्येच सांगितलं होतं की थेट उन्हात हा जंतू टिकत नाही. कोंदट, अंधाऱ्या खोलीत मात्र तो टिकतो आणि एकाकडून दुसऱ्याकडे जातो. प्लेगच्या नावाने सुरू झालेली उजेडाची मोहीम खरं तर क्षयाविरुद्ध कामाची होती. कारण चुकीचं, पण गोष्ट बरोबर.

१८९८ मध्ये बॉम्बे सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. प्रिन्सेस स्ट्रीट, सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते दाट वस्तीतून काढले गेले, दादर-माटुंग्याचे आखीव भाग त्याच ट्रस्टच्या योजनांतले. या ट्रस्टचे पुढचे अध्यक्ष जे. पी. ऑर यांनी एका आकड्याचा ध्यास घेतला: साडेत्रेसष्ट अंश.

घाबरू नका, गणित दोन वाक्यांचं आहे. खोलीत नीट उजेड हवा असेल, तर बाहेर बघताना समोरची इमारत ६३.५ अंशांपेक्षा जास्त आभाळ झाकणारी नको. म्हणजे समोरची इमारत तुमच्या खोलीच्या वर २० मीटर असेल, तर मधली मोकळी जागा किमान १० मीटर हवी. उंचीच्या निम्मं अंतर, बस. हा नियम ट्रस्टने आपल्या जमिनींवर लावला आणि मुंबईत उजेड पहिल्यांदा मोजपट्टीवर आला.

पण ट्रस्टची दुसरी बाजूही सांगायला हवी. पहिल्या काही वर्षांत ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या, तितक्या बांधल्या नाहीत. ज्यांची घरं रस्त्यात गेली, ती माणसं शेजारच्या गल्लीत आणखी दाटीने कोंबली गेली. उजेड आला, पण ज्यांच्या नावाने आणला त्यांच्यातल्या अनेकांच्या वाट्याला तो आलाच नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, शेवटी लागणार आहे.

आता आमच्या खोलीकडे येऊ. आजी लग्न होऊन या चाळीत आली १९६६ साली. आजोबा कापडगिरणीत, बहुतेक वेळा रातपाळी. सकाळी घरी येऊन झोपायचे आणि अकरा वाजता कवडसा बरोबर त्यांच्या तोंडावर. आजोबांचं म्हणणं, काढून टाका ते कौल. आजीचं म्हणणं, मग मी निवडटिपण काय गॅलरीत बसून करू? शेवटी तोडगा असा निघाला की दर तासाला आजी त्यांच्या चटईचं टोक धरून चटई वीतभर ओढायची. आजोबा झोपेतच सरकायचे. १९८२ च्या जानेवारीत गिरणी संप सुरू झाला आणि रातपाळी संपली, ती कायमचीच. आजी म्हणते, "नंतर ते दिवसा जागेच असायचे. चटई ओढायची वेळच आली नाही परत. मला ते नको होतं रे."

त्याआधीची एक गोष्ट. डिसेंबर १९७१, पाकिस्तानशी युद्ध. मुंबईत ब्लॅकआउट. खिडक्यांना काळे कागद, गाड्यांचे दिवे अर्धे काळे. वॉर्डन खालून ओरडत फिरायचे, "दिवा बंद करा!" पण रस्त्यावरून फिरणाऱ्या वॉर्डनला छपरातली काच कशी दिसणार? ती दिसणार फक्त विमानातून. हे आजोबांच्या लक्षात आलं. ते गॅलरीतून छपरावर चढले आणि काचेला काळा रंग फासून आले. दोन आठवड्यांत युद्ध संपलं. रंग मात्र आजीने ब्लेडने खरवडला तरी खाचेतला गेला नाही. त्या कौलाच्या एका कोपऱ्यात अजून काळा डाग आहे.

अजून आहे म्हणजे, कौल आता छपरावर नाही. ते आमच्या माळ्यावर आहे, जुन्या साडीत गुंडाळलेलं. ते खाली का आलं, हा दुरुस्तीचा इतिहास आहे.

१९४७ मध्ये मुंबईत भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडी साधारण १९४० च्या पातळीवर गोठवली गेली. भाडेकरूंना त्याने संरक्षण दिलं, ते हवंच होतं. पण महागाई वाढत गेली, भाडं तिथेच राहिलं, आणि मालकांनी छपराकडे बघणं सोडून दिलं. इमारती कोसळायला लागल्या. मग १९६९ मध्ये इमारत दुरुस्ती मंडळाचा कायदा झाला. जुन्या इमारतींकडून दुरुस्तीसाठी उपकर घ्यायचा आणि त्यातून मंडळाने डागडुजी करायची. अशा तेव्हाच्या १९,६४२ इमारती. 'सेस्ड बिल्डिंग' हा शब्द तिथून आला. पुढे हे मंडळ म्हाडाचा भाग झालं.

पण कायदा काहीही म्हणो, चाळीत छपराचं राजकारण वेगळंच असतं. छप्पर गळलं की भिजतो फक्त शेवटचा मजला. तळमजल्यावरचे काका वर्गणी देताना म्हणणारच, "आमच्याकडे तर एक थेंब नाही." त्यांची चूक नाही. त्यांच्याकडे उंबऱ्यापर्यंत पाणी भरायचं, तेव्हा आम्ही तरी कुठे खाली उतरलो होतो?

मी कॉलेजात असताना चाळीने वर्गणी काढून छपराचं काम केलं. ठेकेदाराने कौलं उतरवली आणि सरसकट सिमेंटचे पत्रे टाकले. स्वस्त, टिकाऊ, गळती बंद. आमच्या काचेच्या कौलाचं काय, हे कुणी विचारलंच नाही. संध्याकाळी घरी आलो, तर आजी ट्यूबलाइट लावून बसली होती. दुपारी तीनपासून. ती एवढंच म्हणाली, "दिवस कळला नाही रे आज."

बाबांनी महिन्याभरात एक मिस्त्री आणून पत्र्याच्या मधोमध फायबरचा पारदर्शक पत्रा टाकून घेतला. उजेड आला, आणि पहिल्या पावसात पाणीही आलं. सिलिकॉन फासलं, पुन्हा गळलं. डांबर लावलं, पुन्हा गळलं. वर निळी ताडपत्री टाकली, गळायचं थांबलं आणि अंधार परत आला. पावसाळ्यात विमानातून मुंबई बघितलीत तर निळ्या ताडपत्र्यांचे तुकडे दिसतात ना? त्यातल्या कित्येकांखाली कुणीतरी असाच उजेड झाकून ठेवलेला असतो.

शेवटी लालबागचेच एक म्हातारे पत्रेवाले काका आले. त्यांनी जे सांगितलं ते तुमच्याही उपयोगाचं आहे, म्हणून सांगतो. पहिली गोष्ट, स्कायलाईट काचेत जवळजवळ कधीच गळत नाही, ती गळते सांध्यात. दुसरी, प्लॅस्टिकचा किंवा पॉलिकार्बोनेटचा पत्रा उन्हाने काचेपेक्षा कितीतरी जास्त फुगतो. पॉलिकार्बोनेट तर साधारण सातपट. म्हणून स्क्रूचं भोक स्क्रूपेक्षा मोठं हवं आणि वर रबरी वॉशर. भोक घट्ट असेल, तर पत्रा फुगताना तिथेच तडकतो. तिसरी, नवा पत्रा वरच्या बाजूला जुन्याच्या खाली आणि खालच्या बाजूला जुन्याच्या वर आला पाहिजे, म्हणजे पाणी आपोआप पुढे सरकतं. आमच्या आधीच्या मिस्त्रीने वरचं टोकही जुन्या पत्र्याच्या वरच ठेवलं होतं! आणि चौथी, गळती शोधताना पाणी खालून वर ओतत जायचं. वरून ओतलं तर सगळंच ओलं होतं आणि काही कळत नाही.

काकांनी अर्ध्या दिवसात काम केलं. त्यानंतर आजतागायत गळलेलं नाही. जाताना माळ्यावरचं काचेचं कौल हातात घेऊन म्हणाले, "हे बसवायला मला बोलवायची गरजच नव्हती."

आता आजचं बोलू. चाळ रिडेव्हलपमेंटला गेली आहे. मी जुन्याच्या प्रेमात पडून रडणारा नाही. आमच्या मजल्यावर सामायिक संडास आहे, आणि आजीला या वयात रात्री काठी टेकत लांब जावं लागतं. नव्या घरात घरातच संडास, लिफ्ट, दुप्पट जागा. आजीला ते हवंय, आणि तिला ते मिळायलाच हवं.

पण मीटिंगमध्ये प्लॅन पसरला, तेव्हा मी अंतर विचारलं. आमची इमारत आणि विक्रीचा टॉवर यांच्यात ९ मीटर. टॉवर आमच्या खिडकीच्या वर साधारण ६० मीटर. ऑर साहेबांच्या हिशेबाने ३० मीटर हवे होते. कोन होतो ८१ अंशांच्या पुढे. मी हे मांडलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "अरे, लाइट आहे ना घरात, बटण दाबायचं!" सगळे हसले. मीही हसलो.

पण हसण्यासारखं नाही ते. मानखुर्द-गोवंडी भागात प्रकल्पग्रस्तांसाठी पुनर्वसनाच्या वसाहती बांधल्या गेल्या. काही ठिकाणी दोन इमारतींत अंतर जेमतेम ३ मीटर. ६३.५ च्या नियमाने २२ मीटर उंच इमारतीसमोर ११ मीटर सोडायला हवे होते. २०१८ मध्ये 'डॉक्टर्स फॉर यू' या संस्थेचा तिथल्या तीन वसाहतींचा अभ्यास समोर आला. जिथे इमारती दाट आणि खालच्या मजल्यांना ऊन-वारा नाही, तिथे क्षयाचं प्रमाण बरंच जास्त आढळलं. ज्या शहराने शंभर वर्षांपूर्वी उजेडाचा कोन नियमात आणला, त्याच शहराने गरिबांसाठी घर बांधताना तो सोडून दिला. उजेड आणला, पण कुणासाठी? मघाशी लक्षात ठेवायला सांगितलेलं वाक्य हेच.

आम्ही काही जणांनी लेखी मागणी केली आहे: खालच्या मजल्यांच्या खोल्या टॉवरकडे नकोत, रस्त्याकडे करा, आणि जिन्यावर व पॅसेजवर वरून उजेड घेणारी काच ठेवा. उत्तर अजून आलेलं नाही. सही करायची तारीख पुढच्या महिन्यात आहे. आजीला विचारलं, काय करायचं? ती म्हणाली, "सही कर. पण विचारायचं सोडू नको."

तुम्हाला एक छोटं काम देतो. फोनमध्ये कोन मोजायचं लेव्हलचं ॲप असतं. आज घरी गेलात की खिडकीशी उभे राहा, फोनची कड समोरच्या इमारतीच्या माथ्याकडे रोखा आणि आकडा बघा. ६३.५ च्या आत असेल तर नशीबवान आहात. जास्त असेल, आणि तुमचीही बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला जाणार असेल, तर मीटिंगमध्ये कार्पेट एरियाच्या आधी हा आकडा विचारा. लोक हसतील, हसू द्या.

आणि हो, ते कौल आम्ही नव्या घरी नेणार आहोत. स्लॅबमध्ये ते बसणार नाही, माहीत आहे. आजी म्हणते, खिडकीत उभं करून ठेवू. काळा डाग खाली ठेवून.

भेटू पुढच्या भागात. तोवर, वर बघत राहा.